नव्वदातून दोनदा

चार वर्षं मी एका माणसावर डूख धरून होते. राग म्हणत नाही, कारण राग येतो आणि ओसरतो. हा डूख सकाळी दात घासताना माझ्यासोबत असायचा आणि संध्याकाळी पोळ्या लाटतानाही. त्या काळात तुझ्या पोळ्या फार पातळ व्हायच्या, असं आई अजून सांगते.

तो माणूस म्हणजे माझे पीएचडीचे गाईड. ते महाराष्ट्रातून इंदूरच्या एका संस्थेत आले होते. विद्वान होते, बोलायला गोड होते, आणि त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की ऐकताना आपले हात धुतलेले आहेत ना, हे एकदा बघून घ्यावंसं वाटे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, की सर, हा ग्राफ मला समजून नाही राहिला. ते हसले, आणि पुढे कुणी पाहुणा आला की चहाच्या वेळी माझं ते वाक्य माझ्याच समोर म्हणून दाखवू लागले. इंदूरला आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या असंच मराठी बोलतात. तरी मीही पाहुण्यांबरोबर हसायचे. नंतर जे जे झालं त्या सगळ्यापेक्षा मला त्या हसण्याची लाज जास्त वाटते.

आमचे पूर्वज म्हणे इंदूर संस्थानच्या फौजेत होते. तलवारी-बिलवारी घरात काही उरल्या नाहीत, तापट डोकं तेवढं वारशात आलं, तेही बाबांना वगळून थेट माझ्याकडे. बाबा शांत. परदेशीपुऱ्यात त्यांचं तराजू आणि काटे दुरुस्त करायचं दुकान आहे. पूर्वी गिरण्यांचे मोठमोठे काटे यायचे, आता किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे आणि मिठाईवाल्यांचे येतात. दुरुस्ती झाली की बाबा काटा उलटा करतात आणि खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, खिळ्याने एक खूण ओढतात: तीन रेघा आणि एक टिंब. लहानपणी मला वाटायचं, चित्रकार सही करतो तशी ही त्यांची ऐट आहे. एकदा तसं म्हणाले तेव्हा त्यांनी मान हलवली.

"नावासाठी नाही बेटा. काटा बिगडला तर माणूस वापस आपल्याकडेच यायला पाहिजे, त्याच्यासाठी आहे ती."

पुढे मी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला लागले तेव्हा ती खूण उचलली. प्रत्येक फाइलच्या अगदी शेवटी तीन रेघा आणि टिंब. कॉम्प्युटर अशी ओळ वाचत नाही, ओलांडून जातो. माझ्याशिवाय ती कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

माझं काम होतं, कृष्णविवर स्वतःभोवती किती वेगाने फिरतं ते मोजायचं. बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, की जी वस्तू दिसतच नाही ती फिरते हे तरी कुणी बघितलं. प्रश्न रास्त होता. कृष्णविवर दिसत नाही, पण काही कृष्णविवरांच्या शेजारी एक तारा असतो आणि ते त्या ताऱ्याचा वायू ओढून घेत असतं. तो वायू सरळ आत पडत नाही. त्याची फिरती चपटी चकती बनते आणि आतल्या बाजूला ती इतकी तापते की तिच्यातून क्ष-किरण निघतात. चकतीला आतून एक कड असते. त्या कडेच्या पलीकडे वायूला फिरत राहणं जमत नाही, तो कोसळतो. कृष्णविवर चकतीच्याच दिशेने जितकं जोरात फिरत असेल तितकी ही कड त्याच्याजवळ सरकते. म्हणजे कड किती जवळ आहे ते कळलं की फिरण्याचा वेग कळतो, आणि कड किती जवळ आहे ते उपग्रहावरच्या दुर्बिणीने पकडलेल्या क्ष-किरणांवरून काढता येतं. त्या वेगाला आम्ही स्पिन म्हणतो आणि शून्य ते एक अशा मापात लिहितो. एक म्हणजे निसर्गाला चालेल तेवढा जास्तीत जास्त.

त्यासाठी तीन गोष्टी आधी माहीत लागतात. कृष्णविवराचं वस्तुमान, त्याचं आपल्यापासूनचं अंतर, आणि चकती आपल्या नजरेला किती कललेली आहे तो कोन. हा कोन फार महत्त्वाचा. चकती आपल्याला समोरून दिसते आहे असं धरलं, तर आपल्यापर्यंत आलेल्या उजेडाला लहान चकतीही पुरते. ती कललेली असेल तर तेवढाच उजेड यायला ती मुळात बरीच मोठी असावी लागते. बाबांनी तराजूचं पारडं हातात घेतलं, डोळ्यांसमोर उभं धरलं, मग आडवं केलं आणि म्हणाले, समजलं.

माझ्या कृष्णविवराचा कोन एका जुन्या शोधनिबंधात होता. त्या लोकांनी तो उलट्या बाजूने मोजला होता, त्यामुळे तो नव्वदातून वजा करून घ्यावा लागे. त्यांनी दिला होता पंधरा, म्हणजे आमच्या हिशेबाने खरा पंच्याहत्तर. हे एवढं लक्षात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं त्यावर अडकलेलं आहे.

अडीच वर्षांनी उत्तर आलं. माझं कृष्णविवर निसर्गाच्या कमाल मर्यादेला जवळजवळ टेकून फिरत होतं. असं उत्तर आलं की बातमी होते, निमंत्रणं येतात. मी हुरळले. गाईडही हुरळले, त्या दिवशी त्यांनी माझी नक्कलसुद्धा केली नाही.

निबंध लिहायला घेणार एवढ्यात मला कावीळ झाली. तीन महिने घरी, उसाचा रस आणि फोडणी नसलेलं वरण. गाईडांचा फोन आला, प्रकृती विचारली, आणि सगळं काम सुरक्षित राहावं म्हणून फोल्डर पाठवून ठेव म्हणाले. मी अंथरुणातूनच अख्खं फोल्डर पाठवलं. चौथ्या महिन्यात तो निबंध मला फोनवर दिसला. वर दोन नावं होती, एक त्यांचं आणि एक त्यांच्या परदेशातल्या मित्राचं. माझं नाव शेवटी आभारांत होतं, आकडे लावून देण्यात मदत केल्याबद्दल.

मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, माझ्यासाठी बिनदुधाचा चहा मागवला, आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "मोजणारे पुष्कळ मिळतात. काय मोजायचं हे ज्याला कळतं, काम त्याचं असतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी काहीच बोलले नाही, आणि का बोलले नाही ते आज सांगते. रागात माझं मराठी हिंदीत घसरतं. मला भीती वाटली, की मी आता जे बोलेन ते हे पुढच्या पाहुण्याला चहाबरोबर ऐकवतील. म्हणून मी तो चहा पिऊन, थँक यू सर म्हणून, बाहेर आले.

संस्थेच्या ऑफिसात सांगितलं, की कुणाचं नाव घालायचं ते गाईड ठरवतात आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक कागदावर त्यांचीच सही लागणार आहे, विचार करा. मी विचार केला आणि पीएचडी सोडली. महूच्या रस्त्यावर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवू लागले.

तिथे मी डूख नीट जोपासला. परीक्षेत प्रश्न काढला: एक प्राध्यापक दहाव्या मजल्यावरून पडतो, हवेचा रोध न धरता त्याचा जमिनीवर आदळतानाचा वेग काढा. हा प्रश्न मी चार वर्षं मजले बदलून विचारला. एका वर्षी तर पंचवीस मजले केले. इंदूरच्याच लालबागच्या मैदानावर विज्ञानाचा मेळा भरला, त्याचं उद्घाटन गाईडांच्या हस्ते झालं. वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराचे संशोधक म्हणून पेपरात फोटो आला. तो पेपर मी आईच्या मेथीच्या जुडीखाली अंथरला आणि देठं मुद्दाम फोटोवर टाकली. आई म्हणायची, सोड ना आता, कितीक दिवस धरून बसशील. मला सोडायचं नव्हतं. एक ना एक दिवस यांची जिरवायची होती.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते मनावर घेतलं. दुपारी कॉलेज नसायचं, घरी उकडायचं, म्हणून लॅपटॉप घेऊन बाबांच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसायचे. उपग्रहाची निरीक्षणं सगळ्यांना खुली असतात. ती पुन्हा उतरवली आणि यांचा निबंध ओळीओळीने तपासायला घेतला. चूक सापडणारच, असा माझा विश्वास होता. तो विश्वास शास्त्रीय नव्हता, निव्वळ खुनशी होता.

आठव्या दिवशी सापडली. निबंधातल्या एका तक्त्यात वस्तुमान दिलं होतं आणि त्याच्या शेजारीच कोन. वस्तुमान दुसऱ्या लोकांनी काढलेलं, तेही कोन पंच्याहत्तर धरून. आणि शेजारी कोन लिहिलेला, पंधरा. एकाच ओळीतले दोन आकडे एकमेकांशी भांडत होते आणि चार वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी कोन पंच्याहत्तर घालून सगळं पुन्हा चालवलं. चकती मोठी झाली, कड लांब सरकली, आणि स्पिन घसरून पॉइंट सहावर आला. चारचौघांसारखं कृष्णविवर. मी दुकानात उभी राहून टाळ्या वाजवल्या. समोरच्या पंक्चरवाल्याने बाबांना विचारलं, की भिया, सब ठीक है ना.

मग हा पंधरा आला कुठून, हे बघायला मी प्रोग्राम उघडला. वाचकांना तपासता यावं म्हणून जर्नलने सगळ्या फाइली मागितल्या होत्या, आणि यांनी फोल्डर होतं तसं चढवलं होतं. तिसऱ्या फाइलमध्ये ती ओळ सापडली: यादीतला कोन नव्वदातून वजा करा. आणि यादीत होता पंच्याहत्तर. यादी माझ्या रजिस्टरवरून उतरवलेली होती. रजिस्टर घरीच होतं, मी जाऊन काढलं. माझ्या हाताने लिहिलेलं होतं, पंधरा, त्यापुढे बाण, पंच्याहत्तर, आणि काम झालं म्हणून बरोबरची खूण. वजाबाकी मी एकदा कागदावर केली होती आणि विसरून प्रोग्राममध्ये पुन्हा केली होती. फाइलच्या तळाशी तीन रेघा आणि एक टिंब होतं.

चूक माझी होती. त्यांनी ती फाइल एकदाही उघडून वाचली नव्हती. माल जसा उचलला तसा, खोटीसकट, स्वतःच्या नावावर लावला होता.

निनावी पत्र लिहावं, कोन चुकलाय एवढंच कळवावं, म्हणजे ते तोंडघशी पडतील, असं आधी ठरवलं. दोनदा पत्र लिहिलं. पण तसं केलं तर ते पडतील आणि मी कुणीच नाही ती कुणीच नाही राहीन. आणि काम माझं होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? ही एक चूक. ती दाखवावी तर लोकांना माझ्याबद्दल पहिली गोष्ट कळणार, की हिला वजाबाकी येत नाही. शिवाय एक गोष्ट मला आतून टोचत होती. उत्तर तेव्हा छोटं आलं असतं तर मी ते दहा वेळा तपासलं असतं. मोठं आलं म्हणून मी खूश झाले आणि गप्प बसले.

शेवटी बाबांना सांगितलं. ते एका जुन्या तराजूच्या दांडीचं टोक घासत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, की खाली खूण आहे का. मी म्हटलं, आहे.

"मग काटा तुझा आहे. जा, दुरुस्त करून ये."

मी चिडून म्हणाले, की म्हणजे मी माझी अब्रू घालवू आणि ते सुटतील. बाबांनी घासणं थांबवलं नाही.

"तो कसा सुटेल? तो तर चार साल बोलून राहिला ना, की काटा माझा आहे. मग लोकांसमोर विचार ना त्याला, असा तोलला कसा."

बाबांनी हे सरळ मनाने सांगितलं होतं. मी ते वाकड्या मनाने ऐकलं, हे कबूल करते. कारण मला त्या माणसाचा स्वभाव पाठ होता. श्रेय आलं की ते हात पुढे करतात आणि दोष आला की बोट. मला फक्त एक प्रश्न नीट विचारायचा होता.

संस्थेत दर शुक्रवारी चार वाजता व्याख्यान असतं, समोशांसकट, आणि बाहेरच्यांनाही येऊ देतात. त्या महिन्यात यांचं होतं, विषय तोच. गेटवरच्या वॉचमनने मला ओळखलं आणि मॅडम बहुत दिन बाद म्हणून सलाम केला. मी तिसऱ्या रांगेत बसले. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखीचं हसले, अगदी पहिल्या आठवड्यातलं ते हसू. बोलले छान. तक्ता पडद्यावर आला.

प्रश्नांची वेळ आली. मी हात वर केला आणि शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, की सर, वस्तुमान पंच्याहत्तर अंशांवरून काढलेलं आहे आणि चकतीचा कोन पंधरा लिहिलाय, हे दोन्ही एकत्र कसं बसतं. ते म्हणाले, तो कोन जुन्या निबंधातला आहे. मी म्हटलं, तिथे तो उलट्या बाजूने मोजलेला आहे, पंधराचा पंच्याहत्तर व्हायला हवा. ते पडद्याकडे वळले आणि तक्ता वरपासून वाचू लागले. अध्यक्षस्थानी विभागातल्या एक वयस्क मॅडम होत्या, भोपाळकडच्या. त्यांनी जर्नलच्या पानावरून फाइल उघडायला लावली. ती ओळ पडद्यावर सगळ्यांना दिसली. यादीत आधीच पंच्याहत्तर, आणि पुन्हा नव्वदातून वजा.

मग गाईडांनी तेच केलं जे ते करणार हे मला माहीत होतं. ते म्हणाले, की हा भाग तेव्हाच्या एका विद्यार्थिनीने केला होता, ती मध्येच सोडून गेली, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवला हीच आपली चूक.

"कुठला भाग केला होता तिने, सर?" मी विचारलं.

"सगळाच," ते घाईघाईने म्हणाले. "कोन, आकडे, प्रोग्राम. सगळं तिचंच आहे ते."

या एका वाक्यासाठी मी चार वर्षं थांबले होते. मी उभी राहिले. इंग्रजीत बोलायचं घोकून आले होते, ते सगळं विसरले आणि घरच्या मराठीतच बोलले.

"ती मीच आहे. ही गलती माझी आहे, नव्वदातून मी दोनदा वजा केलं. फाइलच्या एकदम खाली माझ्या बाबांची खूण आहे, बघून घ्या."

फाइल खाली सरकवली गेली. तीन रेघा, एक टिंब. पुढच्या रांगेतली दोन पोरं दोनदा वजाबाकीवर खुसखुसली आणि माझे कान तापले. मॅडमना मराठी पुरतं कळत नसावं, पण मुद्दा कळला होता. त्यांनी चष्मा काढला आणि गाईडांकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "तो फिर पेपर पर इनका नाम कहाँ है?"

गाईडांनी पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली. मला फार बरं वाटलं. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर आतून रिकामं वाटतं. मला काही तसं वाटलं नाही. मी दोन समोसे खाल्ले.

पुढे चौकशी झाली, पत्रं गेली-आली, आणि जर्नलने दुरुस्ती छापायचं ठरवलं. तिच्यावर पहिलं नाव माझं आहे. उत्तर पॉइंट सहा, त्यावर कुणी बातमी करणार नाही आणि कुठला मेळा मला उद्घाटनाला बोलावणार नाही. कृष्णविवराशेजारी माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते माझ्या चुकीशेजारी. हे मला अजून टोचतं. पीएचडी पुन्हा करीन की नाही तेही ठरवलेलं नाही. आणि गाईडांना मी माफ केलेलं नाही.

दुरुस्त केलेली फाइल जर्नलकडे त्यांनीच चढवायची होती, कारण खातं त्यांच्या नावाचं होतं. त्यांची मेल आली, सुधारित फाइल कृपया लवकर पाठवावी. मी नऊ दिवस मुद्दाम लावले. मग ती जास्तीची वजाबाकी काढली, तळाशी तीन रेघा आणि टिंब तसंच ठेवलं, त्याखाली माझं पूर्ण नाव टाकलं आणि देवनागरीत एक ओळ लिहिली: गलती माझी होती, वापस बिगडलं तर माझ्याकडेच या.

दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, की शेवटची ओळ काढल्यास बरं होईल, भाषा अशुद्ध वाटते. म्हणजे या वेळी त्यांनी फाइल उघडून शेवटपर्यंत वाचली होती. मी कळवलं, ओळ राहील. त्यांनी ती तशीच चढवली.